रक्ततपासणी झाली, अर्थ कोण सांगणार?

सिकलसेल पूर्व विदर्भाला नवा नाही. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आमच्या भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यांतून रक्ततपासणी होते. परंतु ‘वाहक’ हा शेरा वाचून घराला कलंक लागल्याचे मानले जाते, मुलीचे लग्न अडते.

वस्तुतः वाहक हा रोगी नव्हे. एकाच पालकाकडून आलेले हे जनुक तीव्र हिवतापापासून बरेच संरक्षण देते, हे ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील रक्तनमुने तपासून दाखविले. हिवतापाच्या प्रदेशांत म्हणूनच ते टिकले. दोन्ही पालकांकडून ते आले, तर आजार जडतो. हे पूर्वजन्मीचे पाप नव्हे, उत्क्रांती होय. आणि अनुमान पुराव्यावर पारखणे, हीच विज्ञानाची रीत.

राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून २०२३ साली उत्क्रांती वगळली गेली. अशा वेळी ग्रंथालयांची जबाबदारी वाढते. १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या गावोगावच्या ग्रंथालयांनी उत्क्रांती व मानवी शरीरावरील मराठी पुस्तके अग्रक्रमाने घ्यावीत. तपासणीवर पैसा खर्चावा आणि तिचा अर्थ उमगण्यासाठी दमडीही नसावी, हा अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही आतबट्ट्याचा व्यवहार आहे.