लोहा म्हणजे लोखंड नव्हे

पुण्यात "लोहा कुठे आलं?" विचारतात, त्याचं काही वाटत नाही. पण 'श्रीमान योगी'ची पारायणं करणारेच "कुरुंदकर कोण?" विचारतात तेव्हा डोकं फिरतं! अहो, त्या कादंबरीची प्रस्तावना त्यांचीच. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवत हा माणूस मनुस्मृतीवरही लिहायचा आणि नाट्यशास्त्रावरही. १९८२ साली, पन्नाशीही न गाठता, औरंगाबादेत व्यासपीठावरच गेला. गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव म्हणावं तर समोरचा थेट दुष्काळावर येतो. मराठवाडा म्हणजे काय नुसते टँकर?

आपलेही कमी नाहीत म्हणा. १७ सप्टेंबरला झेंडावंदन जोरात, 'जागर' मात्र घरात नाही. पाहुणेमंडळींपैकी कुणाला हवं असेल तर माझी प्रत न्या. परत आणून द्या फक्त.