प्रत्येक पोटदुखी ‘जुनी आव’ नव्हे

जळगावहून धुळ्याला जायचे तर एस.टी. सुटण्यापूर्वी दोनदा शौचाला जाऊन येणारे, लग्नाच्या पंगतीला बसताना धास्तावणारे, परीक्षेच्या सकाळी पोटात कळ येणारे लोक प्रत्येकाच्या ओळखीत असतात. विचारले तर उत्तर ठरलेले, ‘‘आम्हाला जुनी आव आहे हो!’’ मग वर्षानुवर्षे आवेच्या गोळ्या चालतात. चार दिवस बरे वाटते, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यातील बऱ्याच जणांना आव नसतेच. शौचाच्या तपासणीत अमीबा दिसला की शिक्का बसतो. पण अमीबाची एक निरुपद्रवी जातही सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तशीच दिसते. खरे दुखणे असते ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’, म्हणजे आय.बी.एस. यात आतड्याला जखम नसते, गाठ नसते. मेंदू आणि आतडे यांचा ताळमेळ बिघडून आतडे हळवे होते. महिनोन् महिने दर आठवड्याला पोट दुखणे, शौचाशी त्या दुखण्याचा संबंध असणे, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, ही त्याची ओळख. तपासण्या नॉर्मल आल्या म्हणून घरच्यांनी ‘मनाचे खेळ’ म्हणू नये. दुखणे खरेच असते.

हा विकार विरळा नाही. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीने देशभरातील सुमारे ४,५०० सर्वसामान्य लोकांची पाहणी करून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात प्रमाण निघाले शेकडा ४.२. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव व धुळे जिल्ह्यांची लोकसंख्या सुमारे ६३ लाख. हेच प्रमाण लावले तर मुले वगळूनही आकडा लाखाच्या पुढे जातो.

मग धोका कोणाला? आपण शेवभाजीच्या तर्रीला दोष देऊन मोकळे होतो. तिखटाने त्रास चाळवतो हे खरे. पण मूळ अनेकदा आधी होऊन गेलेल्या जुलाबांत असते. कॅनडातील वॉकर्टन गावात मे २००० मध्ये पिण्याचे पाणी दूषित झाले. सुमारे २,३०० लोक आजारी पडले, ७ दगावले. दोन-तीन वर्षांनी पाहिले तर आजारी पडलेल्यांपैकी चौघांत एकाहून अधिक जणांना आय.बी.एस. होता, न पडलेल्यांत दहांत एकाला. जुलाब जितके तीव्र आणि लांबलेले, तितका धोका अधिक. त्यात चिंता, मनावरचा ताण आणि वारंवार घेतलेली अँटिबायोटिक्स यांची भर पडते.

खानदेशात कित्येक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. साठवलेले पाणी, गळक्या पाइपलाइनी आणि पावसाळ्यातील जुलाबांच्या साथी आपल्याला नव्या नाहीत. साथ ओसरली की आपण विसरतो. पण साथ गेली तरी कित्येकांच्या पोटात ती वर्षानुवर्षे राहते. म्हणून स्वच्छ पाणी ही केवळ साथीपुरती मागणी नव्हे, हे नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी ध्यानात घ्यावे.

आणखी एक. जगभर हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. आपल्या देशातील दवाखान्यांत मात्र पुरुष रुग्णच जास्त दिसतात. आयाबहिणी सोसत तर बसत नाहीत ना, हे घरोघरी विचारायला हवे.

मनाने गोळ्या घेणे थांबवा. वेळेवर जेवण, पुरेशी झोप, रोजचे चालणे आणि कोणता पदार्थ बाधतो त्याची वहीत नोंद, एवढ्यानेही पुष्कळांना आराम पडतो. मात्र शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, ताप, अंगात रक्त कमी होणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असेल तर ते आय.बी.एस. समजून बसू नका. आतड्याचा क्षय वा कर्करोग असू शकतो. डॉक्टरांना तातडीने दाखवा.

पोटाचे दुखणे पोटातच ठेवण्यात शहाणपण नाही.