आपला डोंगर तो देव, त्यांचा तो दगड?



आमच्या फडावरचे एक तरुण कीर्तनकार मला म्हणाले, "महाराज, सूरजागडच्या यात्रेला आपण कशाला गेलात? तिथे देव थोडा आणि राजकारण फार." तेव्हा मी गप्प बसलो. आता कीर्तन सुटले आहे, दम पुरत नाही. पण लिहिता येते. त्यांना आणि तसे बोलणाऱ्या सर्वांना हे उत्तर.

गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरात ठाकूरदेवाचे ठाणे आहे. सत्तरेक गावांच्या या इलाख्यातले माडिया लोक दर जानेवारीत तिथे जमतात. पूजा होते, ढोल वाजतात, रेला गात नाचतात आणि तिथेच बसून ठराव करतात, की हा डोंगर खोदू नका. ही यात्रा उभी करणारे कोण? गावोगावचे गायता आणि पुजारी, गोटुलाच्या माणसांत वाढलेली पोरे, तांदळाचे गाठोडे डोक्यावर घेऊन आलेल्या बाया. मला माडिया येत नाही. शेजारच्या पोराने अर्थ सांगितला. पण एकीने ओळ टाकावी, बाकीच्यांनी उचलावी, धृपद फिरून फिरून यावे, हे कळायला भाषा कशाला हवी? आपल्याकडे टाळकरी वेगळे आणि श्रोते वेगळे. तिथे श्रोता कोणी नाहीच, सगळेच टाळकरी. गाण्यात मोहाचे झाड होते, तेंदूची पाने होती आणि डोंगरावरून खाली येणारे ट्रकही होते.

हे ट्रक गाण्यात आले म्हणून भक्ती बाटली काय? मग २००८ साल आठवा. भामचंद्र डोंगराच्या पायथ्याशी, शिंदे-वासुलीला डाऊ कंपनी येऊ लागली तेव्हा आपणच रस्त्यावर उतरलो होतो. तुकोबारायांचा डोंगर, इंद्रायणीचे पाणी, म्हणून. तिथे जाळपोळ झाली, ती मला तेव्हाही पटली नव्हती. पण ते राजकारण आहे असे एकाही फडाने म्हटल्याचे माझ्या कानावर नाही. आपला डोंगर तो देव आणि माडियांचा तो लोहखनिजाचा दगड, हा न्याय कोणत्या संताने शिकवला?

सूरजागडला २००७ साली सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्सला मिळाला. २०२३ साली उत्खननाची मर्यादा वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेली गेली. त्याआधीची जनसुनावणी झाली ती गडचिरोलीला, डोंगरापासून शंभर किलोमीटरहून लांब. ओडिशात नियमगिरीच्या डोंगराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ग्रामसभांपुढे ठेवला. बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. आम्हाला तसे कोणी विचारलेच नाही, हे इथल्या ग्रामसभांचे गाऱ्हाणे आहे.

कोणी म्हणेल, पोरांना नोकऱ्या मिळाल्या. मिळाल्या, ते खोटे नाही. खाणीवर कामाला जाणारी पोरे त्याच गावांतली आहेत, आणि त्यांच्या आया यात्रेत नाचतात. घरातली ही ओढाताण बाहेरच्याने हसण्यावारी नेऊ नये. कोणी म्हणेल, हे नक्षल्यांचे बोलवणे. २०१६ च्या डिसेंबरात नक्षल्यांनी तिथली ऐंशीच्या आसपास वाहने जाळली, तो अधर्मच. पण त्या आगीचा डाग ढोल वाजवणाऱ्याच्या कपाळी लावणे हाही अधर्मच, आणि तो आपण पारावर बसून, चहा पिता पिता करतो.

माझे पाप सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अशाच एका खाणीच्या मुलखात सप्ताहाला गेलो होतो. मंडप, पंगत, बिदागी, सारा खर्च एका ठेकेदाराचा. झाडापाखरांना सोयरे म्हणणाऱ्या अभंगावर मी दोन तास निरूपण केले. मंडपामागून गाड्या जात होत्या आणि विणेकऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर तांबडी धूळ बसत होती. मला दिसत होती. मी आवाज चढवला, एवढेच. बिदागी घेतली आणि रात्रीच्या गाडीने परतलो.

ठाकूरदेवाच्या यात्रेत मला कोणी बिदागी विचारली नाही. एका म्हातारीने पानावर भात वाढला आणि मी किती लांबून आलो ते विचारले. मी पंढरपूर म्हणालो. तिला ते गाव ठाऊक नव्हते. तिने आणखी भात वाढला.

गुडघे चालले तर येत्या जानेवारीत पुन्हा जाईन. आमच्या तरुण महाराजांनी सोबत यावे. वीणा आणायची गरज नाही, तिथे ढोल आहेत.