गुपितालाही एक्स्पायरी डेट हवी

पहिला इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर कोणता? क्विझमध्ये विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. एनिॲक, अमेरिका, 1946. मार्कही मिळतात. पण त्याच्या दोन वर्षं आधी, 1944 च्या सुरुवातीला, इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कमध्ये ‘कोलोसस’ नावाचं इलेक्ट्रॉनिक यंत्र कामाला लागलं होतं. जर्मन सेनेच्या बड्या अधिकाऱ्यांचे सांकेतिक संदेश फोडायला ते मदत करत होतं. युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रं झाली. ती बनवणारे टॉमी फ्लॉवर्स हे ब्रिटिश पोस्ट खात्यातले इंजिनीअर होते. आणि ती चालवणाऱ्यांमध्ये बहुतेक जणी नौदलाच्या महिला दलातल्या तरुण मुली होत्या. साधारण तुमच्याच वयाच्या.

मग हे नाव आपल्यापर्यंत इतक्या उशिरा का पोहोचलं? कारण युद्धानंतर बहुतेक कोलोसस मोडून टाकले गेले. आराखडे नष्ट करायचा हुकूम खुद्द फ्लॉवर्स यांनाच मिळाला आणि त्यांनी ते भट्टीत जाळले. त्या मुलींनी गुप्ततेच्या कागदावर सह्या केल्या होत्या. कित्येकींचे आईवडील आपल्या लेकीनं युद्धात नेमकं काय केलं हे न कळताच गेले. ब्लेचली पार्कचं गुपित जाहीरपणे फुटलं ते 1974 मध्ये. कोलोससचे फोटो त्यानंतर बाहेर आले. आणि संदेश कसे फोडले याचा 1945 मध्येच लिहून ठेवलेला तपशीलवार अहवाल ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सगळ्यांसाठी खुला झाला 2000 मध्ये. फ्लॉवर्स 1998 मध्येच गेले होते.

कोलोसस एकाच कामासाठी बनवलेला होता, एनिॲक कितीतरी प्रकारची गणितं करू शकत होता, हे मान्य. पहिला कोण यावर वाद घालाच. पण वाद घालायला दोन्ही नावं समोर तर हवीत ना? एक बाजू कपाटात बंद असेल तर दुसरी आपोआप इतिहास होते. ॲलन ट्युरिंग यांचे सांकेतिक लिपीच्या गणितावरचे युद्धकाळातले दोन पेपर तर 2012 मध्ये खुले झाले. आज स्टॅटिस्टिक्स शिकणाऱ्या तुमच्यापैकी कुणीही ते वाचू शकतं. मधली सुमारे 70 वर्षं ते कुणालाच वाचता आले नाहीत, हे नुकसान कुणाच्या खात्यावर मांडायचं?

आता जरा घराकडे वळू. 1962 च्या युद्धात आपण हरलो. त्यानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तुम्ही घरात ऐकलंच असेल. पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. सप्टेंबर 1963 मध्ये चव्हाणांनी लोकसभेत तिचे ठळक निष्कर्ष सांगितले. गुप्त माहिती मिळवण्यात आणि ती पोहोचवण्यात आपण कमी पडलो, हेही त्यात होतं. मूळ अहवाल मात्र खुला केला नाही. सैन्य सावरत होतं, सीमा तापलेली होती. तेव्हाचा तो निर्णय समजण्यासारखा आहे.

पण 2010 मध्येही संसदेत उत्तर मिळालं की अहवाल अतिसंवेदनशील आहे. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियन पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकून दिला. म्हणजे गंमत बघा. ज्यांच्यापासून तो लपवायचा, त्यांना तो भाग एका क्लिकवर मिळतो. आणि पुण्यात इतिहासात एमए करणाऱ्या मुलीला मात्र आपल्याच सरकारकडून अधिकृत प्रत मिळत नाही.

‘देशाच्या सुरक्षेचं काय?’ हा प्रश्न फालतू नाही. आज काम करणाऱ्या माणसांची नावं, आज वापरात असलेल्या पद्धती झाकल्याच पाहिजेत. कालची फाइल आज उघडा, असं कुणी म्हणत नाही. पण त्यावर उपाय आहे. नावावर काळी पट्टी मारा, बाकीचं पान वाचू द्या. एका ओळीसाठी अख्खं कपाट कुलपात ठेवायची गरज नाही.

संरक्षण मंत्रालयाने 2021 मध्ये धोरण आणलं. त्यानुसार युद्धाच्या नोंदी साधारणपणे 25 वर्षांत खुल्या व्हायला हव्यात. चांगलंच आहे. पण सगळी मेख त्या ‘साधारणपणे’मध्ये आहे. कारगिल युद्धाला 2024 मध्येच 25 वर्षं झाली. म्हणून मागणी साधी ठेवू या. प्रत्येक गुप्त फाइलवर फेरतपासणीची तारीख हवी. तपासणाऱ्यांत सरकारबाहेरचे इतिहासकार हवेत. नकार द्यायचा तर कारण लेखी द्या. आणि एखादी फाइल नष्ट केली असेल तर तीही यादीत दाखवा.

तुमचाही यात वाटा आहे. युद्धावरचे फॉरवर्ड आपण रोज वाचतो. कुणी कुणाला दगा दिला, कुणामुळे हरलो, सगळं छातीठोकपणे लिहिलेलं असतं. खरे कागद बंद असले की अशा मेसेजना रान मोकळं मिळतं. कागद खुले झाले तरी ते वाचणारं कुणीतरी लागतं. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतच राज्याचं पुराभिलेखागार आहे. शेजारून रोज शेकडो मुलं जातात. एकदा आत जाऊन जुनी फाइल मागून बघा. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ पोर्टल तर मोबाइलवरही उघडतं.

फ्लॉवर्स यांना आपल्या कामाची पूर्ण हकिकत छापील, सगळ्यांसमोर बघायला मिळाली नाही. फक्त दोन वर्षांनी चुकलं. 1962 मध्ये विशीत असलेले जवान आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या बाबतीत आपण किती वर्षांनी चुकणार आहोत?