आत्महत्येचा प्रश्न विचारणाऱ्याची जबाबदारी




२०२३ साली मराठवाड्याच्या विभागीय आयुक्तालयाने, तत्कालीन आयुक्त सुनील केंद्रेकर यांच्या पुढाकाराने, आठही जिल्ह्यांतल्या सुमारे दहा लाख शेतकरी कुटुंबांची पाहणी केली. एक लाखाहून अधिक शेतकऱ्यांच्या मनात आत्महत्येचा विचार डोकावतो, असे त्यातून पुढे आले. आकडा गाजला, अहवालातल्या एकरी मदतीच्या शिफारशीवर वाद झाले. पण ज्या ओसरीवर हा प्रश्न विचारला गेला, तिथे नंतर कोण गेले, ही चर्चा व्हायला हवी तेवढी झाली नाही.

असले प्रश्न विचारूच नयेत, असे काहींना वाटते. ते बरोबर नाही. आत्महत्येबद्दल नीट विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. उलट बोलायला वाट मिळते. संशोधकाला हा प्रश्न विचारण्याचे आणि सरकारला न रुचणारे उत्तरही छापण्याचे स्वातंत्र्य असलेच पाहिजे.

मात्र विचारणारा कोण, यावर बरेच अवलंबून असते. ज्याच्या पंचनाम्यावर नुकसानभरपाई ठरते, त्याच महसूल खात्याचा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर ‘जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?’ असे विचारू लागला, तर कुणी अब्रूपायी गप्प बसेल, कुणी अनुदानाच्या आशेने होकार देईल. म्हणजे माणसाची खासगी गोष्ट चव्हाट्यावर येते आणि अभ्यासही कच्चा राहतो.

हे काम चांगले करता येते, याचा दाखला शेजारच्या विदर्भातच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने पाहणीबरोबरच गावपातळीवर समुपदेशन आणि डॉक्टरांपर्यंतची साखळी उभी केली. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मदतीची सोय केल्याने संशोधनाचे काहीच अडले नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वर्तनविषयक अभ्यासांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. समजून-उमजून दिलेली संमती, गोपनीयता आणि गरज पडल्यास समुपदेशनाची व्यवस्था, हे सारे त्यात आले आहे. प्रशासकीय पाहणीलाही हीच कसोटी लावायला हवी. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी प्रबंधासाठी शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतात, तेव्हा कर्ज आणि घरातल्या ताणाचे प्रश्न निघाले, तर त्यांनाही तीच लावावी.

आमच्या पेडगावसारख्या गावात यापुढे अशी पाहणी होईल, तेव्हा प्रश्न महसूल खात्याबाहेरच्या प्रशिक्षित माणसाने, एकांतात विचारावेत. ‘उत्तर दिले नाही तरी कोणतेही अनुदान अडणार नाही’ हे आधी सांगावे. होकार देणाऱ्याला ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तर द्यावाच, शिवाय त्याच्या संमतीने त्याच आठवड्यात समुपदेशकाची भेट ठरवावी. आणि निष्कर्ष, कुणाचे नाव न घेता, गावाच्या ग्रामसभेत वाचून दाखवावेत.

— एक वाचक, पेडगाव (जि. परभणी)