मोटार फिरली, पण घुमट फिरला का?

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर बाबांची छोटी वेधशाळा आहे. अडीच मीटर व्यासाचा फायबरचा घुमट, त्याला साठ सेंटिमीटर रुंदीची फट आणि आत वीस सेंटिमीटरची दुर्बीण. दुर्बीण मोटारीने ताऱ्यामागे सरकते. घुमट मात्र हाताने ढकलावा लागे. त्यासाठी बाबा रात्रभर दर अर्ध्या तासाने उठत. मे महिन्याच्या सुट्टीत मी ठरवले, हे काम यंत्राकडे द्यायचे.

वाटते तितके ते सोपे नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून घुमटही तेवढाच फिरवला की झाले, असे मलाही वाटले होते. पण आमच्याकडे मृगातल्या बाणाचे तीन तारे उगवताना जवळजवळ सरळ वर चढतात. तेव्हा त्यांची दिशा तासाला जेमतेम ५ अंश बदलते. तेच तारे माथ्याजवळून जाताना हा वेग तासाला सुमारे ४८ अंश होतो. शिवाय दुर्बीण घुमटाच्या बरोबर मध्यावर नसते, तेही गणितात धरावे लागते. वर्गात कंटाळवाणी वाटणारी त्रिकोणमिती मी गच्चीवर आनंदाने केली.

मोटार, घुमटाच्या कड्याला दाबून बसवलेले रबरी चाक, फेऱ्या मोजणारा एन्कोडर आणि आर्डुइनो अशी जुळणी झाली. सगळे छान चालले.

दिवाळीच्या सुट्टीत आम्हाला ययातीमधल्या अल्गोलचा वेध घ्यायचा होता. अंधूक जोडीदार आड येत असल्याने हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो. सगळे यंत्रावर सोपवून आम्ही झोपलो. सकाळी पाहतो तर रात्री दोननंतरचे सगळे फोटो काळे! दवाने ओल्या झालेल्या कड्यावर चाक घसरत राहिले होते. एन्कोडर मी मोटारीच्या आसावर बसवला होता, त्यामुळे संगणकाच्या हिशेबाने घुमट अगदी जागेवर होता.

बाबा काही बोलले नाहीत. त्या रात्री त्यांनी चाक सोडवले आणि घुमट पुन्हा हाताने ढकलला. रागावले असते तर बरे वाटले असते.

असे काम हातानेच करावे, त्यातच शिस्त आहे, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. जागरणाने दमलेल्या माणसाच्या हातूनही चूक होते. यंत्र जरूर बसवावे, पण दोन अटींवर. पहिली, काम आधी काही रात्री स्वतःच्या हाताने करावे. ते कुठे अडते हे त्याशिवाय कळत नाही. दुसरी, मोजमाप मोटारीचे नव्हे, घुमटाचे घ्यावे. परेड मैदानावर हुकूम दिला की काम झाले असे कोणी धरत नाही. रिपोर्ट यावा लागतो. माझ्या यंत्रात हुकूम होता, रिपोर्ट नव्हता.

आता कड्यावरच चुंबक चिकटवले आहेत. प्रत्येक चुंबक सेन्सरसमोरून गेला की मोजणी तपासली जाते. फरक पडला तर बझर वाजतो. हाताने फिरवायची सोयही ठेवली आहे.

बाबा आता झोपतात. बझर उशाशी असतो.