अँप्लिफायरची किल्ली कोणाच्या हाती?

उदगीरच्या रस्त्यावर कोणतीही मिरवणूक निघाली की दहाव्या मिनिटाला चार पोरे डीजेच्या टेम्पोवर चढतात आणि साउंडवाल्याला म्हणतात, "वाढव की रे अजून!" साउंडवाला वाढवतो. न वाढवून करणार काय? उरलेले पैसे अजून मिळायचे असतात. पुढे तक्रार होते, पंचनामा होतो, गुन्हा दाखल होतो. नावे कोणाची येतात? परवान्याच्या अर्जावर सही करणाऱ्या अध्यक्षाचे, सचिवाचे आणि साउंडवाल्याचे. "वाढव" म्हणणारी चार पोरे तोपर्यंत घरी जाऊन झोपलेली असतात.

वकिली करताना आम्ही हे वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत, आणि म्हणूनच आज एका तांत्रिक वाटणाऱ्या विषयावर लिहीत आहोत. अँप्लिफायर संगणकाला जोडून आवाजाचा ताबा लांबून ठेवण्याचे तंत्र आता नवे राहिलेले नाही. अमेरिकेतील क्राऊन कंपनीने १९८० च्या दशकातच अशी 'आयक्यू' नावाची यंत्रणा बाजारात आणली होती. आज मोठ्या सभागृहांत ती सर्रास असते. आमच्या मंडळांनी मात्र तिचा विचारच केलेला नाही. आवाज म्हणजे टेम्पोवर किती खोकी रचली, एवढाच आमचा हिशेब!

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. सार्वजनिक जागी भोंगे लावले तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल तेवढाच चालतो. म्हणजे वस्तीत दिवसा ६५. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. इथे बहुतेक मंडळांची गफलत होते. सूट वेळेची असते, डेसिबलची नसते. "आज बारापर्यंत परवानगी आहे" याचा अर्थ "आज कितीही वाजवा" असा आमच्या पोरांनी परस्पर लावून टाकला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात हे नियम पक्के केले. त्यानंतर २३ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्यातील रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना एक पाऊल पुढे टाकले. धार्मिक स्थळांच्या ध्वनियंत्रणेतच आवाजाची मर्यादा आपोआप पाळली जाईल अशी सोय बसवण्याबाबत राज्य सरकारने विचार करावा, असे न्यायालयाने म्हटले. आज हा विषय धार्मिक स्थळांपुरता आहे. उद्या तो मिरवणुकीच्या टेम्पोपर्यंत येणार नाही, असे समजणे भोळेपणाचे ठरेल.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्यातील साउंडवाल्याचे प्रकरण आमच्याकडे आले होते. कर्ज काढून घेतलेले सामान जप्त झाले होते आणि पंचनाम्यात आवाजाचा एक आकडा लिहिलेला होता. मीटर कुठे धरला, खोक्यापासून किती फुटांवर, त्याच वेळी शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या मिरवणुकीचा आवाज किती होता, मीटरची तपासणी कधी झाली होती, यातले काहीच नव्हते. आम्ही साउंडवाल्याला विचारले, "तू किती वाजवत होतास?" तो म्हणाला, "साहेब, नेहमीसारखंच." पोलिसांकडे निदान एक आकडा होता. आमच्या अशिलाकडे 'नेहमीसारखं' होतं. सामान सुटेपर्यंत त्याच्या लग्नसराईचा हंगाम गेला.

संगणकाचे काम इथे सुरू होते. व्यावसायिक अँप्लिफायरच्या मागे, जिथे मिक्सरकडून येणारी वायर लागते, त्याच्या शेजारी नव्या बनावटीत इंटरनेटच्या वायरीसारखी एक जागा असते. जुन्या बनावटीत तिथे सिरियल पोर्ट असे. सगळे अँप्लिफायर एका स्वीचला जोडायचे, स्वीच लॅपटॉपला जोडायचा आणि त्या कंपनीचे सॉफ्टवेअर उघडायचे. पडद्यावर प्रत्येक अँप्लिफायर दिसतो. किती पातळी जाते आहे, कोणता चॅनल बंद आहे, यंत्र किती तापले आहे, सगळे कळते. गाणे या वायरीतून जात नाही, ते आपल्या नेहमीच्या वायरीनेच जाते. इथून फक्त हुकूम जातात. त्यामुळे लॅपटॉप मध्येच बंद पडला तरी अँप्लिफायर शेवटच्या हुकमावर चालू राहतो. गाणे थांबत नाही.

आमच्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट एकच, ती म्हणजे लिमिटर. अँप्लिफायरच्या आत एक वरची रेषा आखून द्यायची आणि तिला पासवर्ड लावायचा. मग टेम्पोवरचा पोरगा मिक्सरवर कितीही आवाज चढवो, बाहेर त्या रेषेच्या वर काही येत नाही. मात्र लिमिटरला डेसिबल कळत नाही, त्याला विजेचा दाब कळतो. म्हणून आदल्या दिवशी मैदानात यंत्रणा लावून, हद्दीवर मीटर धरून, आकडा बसेपर्यंत रेषा खाली आणावी लागते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. खोक्यापासून एका मीटरवर ११० असेल तर ६४ मीटरवरही तो ७४ च्या आसपास असतो. वस्तीतल्या गल्लीत तर भिंतींमुळे तेवढाही उतरत नाही. आणखी एक. कायद्याचे मोजमाप माणसाच्या कानाच्या हिशेबाने केलेले आहे, त्यात खर्ज कमी धरला जातो. मीटर शांत असताना म्हाताऱ्याच्या छातीत धडधड होते ती या बेसमुळे. बेसचे अँप्लिफायर वेगळे असतात, त्यांची रेषा वेगळी आणि अधिक खाली ठेवता येते.

कोणी म्हणेल, उदगीरच्या साउंडवाल्याकडे असले महागडे अँप्लिफायर कुठून येणार? बरोबर आहे, बहुतेकांकडे नाहीत. पण मिक्सर आणि अँप्लिफायर यांच्या मध्ये बसणारा प्रोसेसर बऱ्याच जणांकडे आधीच आहे. तो यूएसबीने लॅपटॉपला जोडता येतो आणि त्यातही लिमिटर व कुलूप असते. ते वापरलेले नसते एवढेच. फक्त अशा वेळी अँप्लिफायरची बटणे कोणी हलवू नयेत म्हणून त्यांवर पत्र्याचे झाकण लावावे लागेल.

आता पुराव्याकडे येऊ. ज्या यंत्रणेत नोंद ठेवण्याची सोय आहे, तिथे अमुक वेळी अमुक पातळी होती याची नोंद लॅपटॉपमध्ये राहते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशी इलेक्ट्रॉनिक नोंद, विहित नमुन्यातील प्रमाणपत्र आणि हॅश मूल्य यांसह, न्यायालयात मांडता येते. जोडीला आदल्या दिवशीच्या मोजणीचा कागद, त्यावर दोन शेजाऱ्यांच्या सह्या. एवढे असते तर त्या साउंडवाल्यासाठी आम्हाला बोलायला काहीतरी मिळाले असते. पर्यावरण (संरक्षण) अधिनियमातील कलम १५ खाली १ एप्रिल २०२४ पासून कैदेच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला आहे. कैद गेली म्हणून हसणाऱ्यांनी १५ लाखांत साउंडवाल्याचे काय काय विकले जाईल याचा हिशेब करावा. पोलीस अधिनियमाखालची कारवाई वेगळीच. नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत अडकणारा पोरगाही वस्तीतलाच असतो.

पण पासवर्ड कोणाकडे? आमचे मत स्पष्ट आहे. रेषा कायद्याची असावी, ती सर्व जातीधर्मांच्या मिरवणुकांना एकच असावी आणि तपासण्याचा अधिकार पोलिसांना असावा. कुलूप मात्र आयोजकांकडेच राहावे. कारण ज्या लॅपटॉपवरून आवाज मर्यादेत ठेवता येतो, त्याच लॅपटॉपवरून एका टिचकीत तो बंदही करता येतो. व्यासपीठावर कोणी गैरसोयीचे बोलू लागला आणि कुठूनतरी माईकचा चॅनल मुका झाला, तर दाद कोणाकडे मागायची? बोलू न दिलेल्या माणसांचा इतिहास आम्हाला कोणी शिकवायला नको. म्हणून ही वायर वायफायला उघडी सोडू नये, पासवर्ड 'एक दोन तीन चार' ठेवू नये, आणि तो साउंडवाल्याबरोबर मंडळाच्या दोनच माणसांना माहीत असावा.

या तंत्राचा खरा उपयोग तर सभेत आहे. समोर दोन भिंती रचून पहिल्या रांगेचे कान फोडायचे आणि मागे बसलेल्या बायांना भाषणातले एक वाक्य कळू द्यायचे नाही, ही आमच्या सभांची रीतच होऊन बसली आहे. त्याऐवजी मैदानभर लहान लहान खोकी लावून प्रत्येकाचा आवाज एका लॅपटॉपवरून बेताचा ठेवता येतो. ३५ मीटर मागच्या खोक्याला सेकंदाच्या दहाव्या भागाचा उशीर द्यावा लागतो, नाहीतर शब्द दोनदा ऐकू येतो. तोही तिथूनच देता येतो. उदगीरने २०२२ च्या एप्रिलमध्ये ९५ वे मराठी साहित्य संमेलन भरवले. ४ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते इथल्या विश्वशांती बुद्धविहाराचे लोकार्पण झाले. या शहराला मोठ्या सभा नव्या नाहीत.

जयंतीच्या तयारीच्या बैठका लवकरच सुरू होतील. वर्गणी, मार्ग, पाहुणे यांवर रात्र रात्र चर्चा होईल. पहिल्याच बैठकीला साउंडवाल्यालाही बोलवा, लॅपटॉप घेऊन. आणि "वाढव" म्हणणाऱ्या त्या चार पोरांना त्याच्या शेजारी बसवा.